सहा आठवड्यांनी आईची फाईल बंद करू नका: प्रसूती आणि बालरोग विभागांना खुलं पत्र

प्रति,
प्रसूती विभाग आणि बालरोग विभाग चालवणारे डॉक्टर, हॉस्पिटलचे व्यवस्थापक आणि आरोग्य खात्यात या सगळ्याचे निर्णय घेणारे अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

ज्या हॉस्पिटलमध्ये माझी डिलिव्हरी झाली तिथे आम्ही काही जणींनी मिळून एक अर्ज दिला होता. मागणी एवढीच होती की डिलिव्हरीनंतरच्या तपासणीला बाई येते तेव्हा तिच्या मनाची विचारपूस करणारा दहा प्रश्नांचा फॉर्म तिच्याकडून भरून घ्या आणि जिला गरज आहे तिला पुढे उपचार मिळतील एवढं बघा. बरेच दिवस काहीच कळलं नाही, मग उत्तर आलं. ओपीडीला गर्दी असते, तेवढा वेळ नाही, असले प्रश्न विचारले की पेशंट आणि नातेवाईक घाबरतात, आणि कोणाला खरंच त्रास होत असेल तर ती स्वतःहून सांगेलच. अर्ज निकाली काढला.

हॉस्पिटलचं नाव मी इथे लिहीत नाहीये कारण हे उत्तर काही त्या एकाच हॉस्पिटलचं नाही. मी ज्या ज्या बायकांशी यावर बोलले त्यांना थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळालंय. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहितेय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

आधी "ती स्वतःहून सांगेल" या वाक्याबद्दल बोलते, कारण बाकी सगळं उत्तर त्यावरच उभं आहे. मला प्रसूतीनंतरचं डिप्रेशन होतं, चांगलंच होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं. बाळ झोपलं की घरातले म्हणायचे तू पण पड आता, मी पडायचे आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही, बाळाचा श्वास चालू आहे ना म्हणून त्याच्या नाकापाशी हात धरायचे, हात काढला की लगेच परत शंका, की परत हात, असं करता करता ते उठायचं आणि पाजायची वेळ झालेली असायची. भूक मेली होती. रडू यायचं ते एक वेळ ठीक, पण त्याहून वाईट म्हणजे काही वाटायचंच नाही, बाळाकडे बघून सुद्धा काही वाटायचं नाही, आणि जिला स्वतःच्या बाळाकडे बघून काही वाटत नाही ती बाई हे कोणत्या तोंडाने कोणाला सांगणार? डोक्यात सतत एकच, मी वाईट आई आहे, हे बाळ दुसऱ्या कोणाकडेही जास्त सुखात राहील. पुढे पुढे मी नसलेलीच बरी इथपर्यंत विचार जायचे. मला ते विचार आजाराचे वाटत नव्हते, खरे वाटत होते. या आजारात असंच होतं, तो आधी तुमचं तोंड बंद करतो आणि मग तुमच्याच आवाजात तुमच्याशी बोलायला लागतो.

बीपी वाढलेलं बाईला कळत नाही म्हणून तुम्ही गरोदरपणातल्या प्रत्येक भेटीला तिच्या दंडाला पट्टा बांधता. ती स्वतःहून सांगेल म्हणून थांबत नाही. शुगर तपासता, हिमोग्लोबिन तपासता, न विचारता तपासता. मग हेच एक असं का, की जे तिने स्वतः ओळखायचं, स्वतः नाव द्यायचं आणि स्वतः हिंमत करून गर्दीच्या ओपीडीत सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं?

आणि मी तुमच्यापासून लांब कुठे होते? बाळाच्या प्रत्येक लसीला मी तुमच्याच दारात होते. एकदाचं सांगते. सिस्टरांनी बाळाला काट्यावर ठेवलं, वजन लिहिलं, टेप घेऊन डोक्याचा घेर मोजला, तो लिहिला, आणि त्याच ओळीत शेवटी एक छोटा रकाना होता, आईची तब्येत. तिथे त्यांनी लिहिलं, ठीक. पेन कार्डावरून उचललाच नाही, घेराच्या आकड्यावरून हात सरळ पुढे गेला आणि ठीक लिहून झालं. मी समोर उभी होते, त्या दिवशी मी केस सुद्धा विंचरलेले नव्हते. सिस्टरांना मी अजिबात दोष देत नाही, मागे रांग होती, बाळं रडत होती, आणि मुख्य म्हणजे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही की तिथे विचारायचं असतं, आणि ती बाई नाही हो ठीक नाहीये म्हणाली तर पुढे काय करायचं. ज्यांनी तो रकाना छापला त्यांना मात्र मला विचारायचंय की तो कशासाठी छापला.

माझ्या बहिणीने ओळखलं म्हणून मी उपचारांपर्यंत पोचले. आता बरी आहे, बाळाबरोबर हसते खेळते, झोपते. पण जिला अशी बहीण नाही तिचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही.

आता थोडं आजाराबद्दल, कारण हे पत्र तुमच्याशिवाय बाकीचेही वाचतील आणि घराघरात अजून हे सगळं एकाच टोपलीत टाकलं जातं. डिलिव्हरीनंतर दुसऱ्या तिसऱ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड, मूड खालीवर होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं, त्याला बेबी ब्लूज म्हणतात, ते साधारण दोन आठवड्यांत आपलं आपण जातं, त्यात आराम आणि मायेची माणसं पुरतात. डिप्रेशन वेगळं. ते दोन आठवडे उलटले तरी जात नाही, उलट वाढत जातं, आणि ते डिलिव्हरीनंतर लगेचच सुरू होईल असंही नाही, पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढू शकतं. तिसरा प्रकार आहे प्रसूतीनंतरचा सायकोसिस, १००० बायकांमागे एक दोघींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच आणि अचानक. झोप जवळजवळ बंद होते, बाई असंबद्ध बोलते, भलतेच संशय, भास, गोंधळ. ही इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर ढकलायचं नाही आणि अशा बाईला एकटं किंवा बाळाबरोबर एकटं ठेवायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात गरोदर असलेल्या १०० बायकांपैकी साधारण १० आणि नुकत्याच बाळंत झालेल्या १०० पैकी १३ जणींना मानसिक आजार होतो, आणि त्यात मुख्य डिप्रेशनच. विकसनशील देशांत डिलिव्हरीनंतरचा हा आकडा १०० मागे २० च्या जवळ जातो. म्हणजे तुमच्या वॉर्डात आज दहा पलंगांवर दहा बाळंतिणी असतील तर त्यातल्या एकीला किंवा दोघींना हे होणार आहे. इतकं जास्त प्रमाण असलेला दुसरा कुठला त्रास तुम्ही न तपासता सोडून देता?

हे नखरे नाहीत आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. डिलिव्हरी झाली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन गरोदरपणातल्या उंचीवरून काही दिवसांत धाडकन खाली येतात, काही बायकांच्या मेंदूला हा बदल झेपत नाही. त्यात झोपेची वाट लागलेली. त्यात आधी कधी डिप्रेशन झालेलं असेल, गरोदरपणात घाबरेपणा असेल, घरात मारहाण असेल, मदतीला कोणी नसेल, बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल, डिलिव्हरी जिवावर बेतलेली असेल, तर धोका अजून वाढतो. यातली एकूण एक गोष्ट आधी विचारून कळू शकते.

आता आमच्या तक्रारी.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. सहा आठवड्यांच्या तपासणीला टाके बघता, गर्भाशय जागेवर आलं का बघता, पुढच्या मुलापर्यंत अंतर कसं ठेवायचं ते सांगता, आणि मग आईची फाईल बंद. त्यानंतर बाळ येत राहतं, आई फक्त त्याला घेऊन येणारी. पण ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची जी खोलात जाऊन चौकशी होते तिच्यात वर्षानुवर्षं काय दिसतंय, तर बाळंतपणानंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळात मातामृत्यूचं सगळ्यात मोठं थेट कारण आत्महत्या हे आहे. सहा आठवड्यांनंतर. म्हणजे नेमकी जिथे तुमची फाईल बंद होते तिथून पुढे. आपल्याकडे कागदावर मातामृत्यू धरतात तो ४२ दिवसांपर्यंतचा, त्याच्या पुढे गेलेली बाई त्या आकड्यात येतच नाही. आणि ४२ दिवसांच्या आत जिने जीव दिला तिचं काय लिहायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मार्गदर्शन काढून सांगितलंय की गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची आत्महत्या ही थेट मातामृत्यू म्हणून मोजा, योगायोगाने घडलेली घटना म्हणून बाजूला काढू नका. हे किती ठिकाणी पाळलं जातं ते तुम्हीच तुमच्या रजिस्टरमध्ये बघा. जे मोजलंच जात नाही त्यासाठी ना पैसा मंजूर होतो ना माणूस.

दुसरी तक्रार वेळ नाही या कारणाबद्दल. आम्ही जो फॉर्म मागतोय तो काही आम्ही घरी बसून तयार केलेला नाही. एडिंबरा स्केल म्हणतात त्याला, स्कॉटलंडमध्ये तयार झाला, १९८७ साली प्रसिद्ध झाला, कॉक्स, होल्डन आणि सगोव्स्की या तिघांनी केला, आणि तेव्हापासून कितीतरी भाषांत भाषांतर करून, तपासून वापरला जातोय. दहा प्रश्न, गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतो, प्रत्येकाला चार पर्याय, ० ते ३ मार्क, बेरीज ३० पर्यंत. बाई स्वतः भरते. पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं डॉक्टरांची नसतात, बाहेर बाकावर नंबरची वाट बघत ती तशीही बसलेलीच असते. तो करणाऱ्यांनी विचार बघा किती केलाय, थकवा येतो का, भूक लागते का असले प्रश्न त्यात मुद्दाम ठेवलेच नाहीत, कारण बाळंतिणीला थकवा असणारच, त्यावरून काही कळत नाही. झोपेचा प्रश्न आहे पण तो असा की मन इतकं दुःखी आहे का की त्यामुळे झोप येत नाही. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी आपल्याला आतून ओळखतंय. बेरीज १० ते १३ च्या आसपास किंवा वर गेली, जिथे जी रेषा ठरवली असेल ती, की नीट बोलून तपासायचं. हा फॉर्म आजाराचा शिक्का मारत नाही, कोणाशी जास्त बोलायला हवं एवढंच दाखवतो. आणि तेवढाही वेळ नसेल तर दोनच प्रश्न विचारा, गेल्या महिनाभरात उदास, निराश वाटतंय का आणि कशातच रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का. ब्रिटनमध्ये सुरुवातीला हेच दोन विचारायला सांगितलेलं आहे. दोन प्रश्नांना वेळ नाही असं कोणी मला तोंडावर सांगावं.

नातेवाईक घाबरतात हे तिसरं. फॉर्मचा शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे आणि माझा अंदाज आहे खरी अडचण याच प्रश्नाची वाटते, की विचारलं तर तिच्या डोक्यात नको ते भरेल. नाही भरत. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट बोलायला वाट मिळते. माझ्याच बाबतीत सांगते, जेव्हा समुपदेशक मॅडमनी मला शांतपणे विचारलं की जगणं नको वाटतं का कधी, तेव्हा मी घाबरले नाही, मला हायसं वाटलं. इतके दिवस मी एकटीनेच जे धरून ठेवलं होतं ते दुसऱ्या कोणाला माहिती असू शकतं हेच मला माहिती नव्हतं. हा, नातेवाईकांसमोर विचारू नका. नवरा, सासू, आई कोणीही शेजारी उभं असताना बाई खरं लिहिणार नाही, आणि घरात मारहाण होत असेल तर ते धोक्याचंही आहे. पाच मिनिटं तिला एकटीला बसू द्या, बाळाला तेवढा वेळ सिस्टर घेतील.

चौथी तक्रार उपचारांबद्दलची आहे, हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. मी शेवटी जेव्हा डॉक्टरांपर्यंत पोचले तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, अंगावर पाजतेयस ना? मी हो म्हणाले. मग औषध नको, दूध बंद केलंस की ये. एवढंच. म्हणजे एक तर बाळाचं दूध तोड नाहीतर आजार अंगावर काढ. जी बाई आधीच स्वतःला वाईट आई समजतेय तिच्यासमोर तुम्ही ही निवड ठेवताय! मी तशीच घरी आले. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की असं सरसकट नसतं, अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतात अशी औषधं आहेत, सर्ट्रालिन सारख्या गोळीचा दुधातून जाणारा अंश फार कमी असतो आणि ती वर्षानुवर्षं पाजणाऱ्या आयांना दिली जातेय, बाळावर लक्ष ठेवायचं, डोस बघून ठरवायचा, आणि औषध न दिल्याचा धोका सुद्धा मोजायचा. ही काही कालपरवाची गुप्त माहिती नाही. मग ती प्रसूती विभागातल्या प्रत्येक डॉक्टरला का नसावी? औषध कोणतं हे डॉक्टरांनीच ठरवायचं, मी इथे कोणाला गोळी सुचवत नाहीये, पण पाजते म्हणून उपचारच नाही हे उत्तर चुकीचं आहे आणि ते आजही दिलं जातंय.

गोळी सुरू करायच्या आधी एक गोष्ट विचारायलाच हवी, ती माझ्या बाबतीत सुद्धा उशिरा विचारली गेली. बाईला स्वतःला किंवा घरात कोणाला बायपोलर, म्हणजे कधी टोकाची उदासी तर कधी टोकाचा उत्साह असा आजार, आहे का. असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी दिल्याने उन्माद उसळू शकतो, आणि बायपोलर असलेल्या बाईला सायकोसिसचा धोका बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, तिचं नियोजन तर गरोदरपणातच व्हायला पाहिजे. तसंच थायरॉईड. डिलिव्हरीनंतरच्या वर्षात १०० पैकी साधारण ५ बायकांच्या थायरॉईडला सूज येऊन ती बिघडते आणि मग थकवा, उदासी, घाबरं होणं सगळं तसंच दिसतं. रक्त तपासलं की कळतं. हिमोग्लोबिन पण बघा. नुसतं मनाचं आहे म्हणून पाठवून देणं आणि मनाचं काही नसतं म्हणून पाठवून देणं, दोन्हीत बाईची नुसती बोळवण होते.

आणि सगळ्यांना गोळी लागते असंही नाही. सौम्य किंवा मध्यम त्रासात बोलण्याचे उपचार, विचारांची सवय बदलायला शिकवणारे, नात्यांतल्या ताणावर काम करणारे, चांगले लागू पडतात. इथे तुम्ही म्हणाल आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञच नाहीत. हे कारण मी खूप ऐकलंय आणि त्यात तथ्य आहे हेही मला माहितीये, म्हणूनच पाकिस्तानातलं उदाहरण देते. तिथे ग्रामीण भागात मानसोपचारतज्ज्ञ अतीफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांनाच थोडं प्रशिक्षण दिलं, त्या मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, त्या त्यांच्या नेहमीच्याच भेटींत बायकांशी ठरलेल्या पद्धतीने बोलायच्या. गरोदरपणात डिप्रेशन असलेल्या बायका दोन गटांत घेतल्या होत्या. बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा ज्यांना नुसत्या साध्या भेटी मिळाल्या त्यांच्यात ५३ टक्के अजून डिप्रेशनमध्ये होत्या आणि ज्यांना हे बोलणं मिळालं त्यांच्यात २३ टक्के. २००८ साली हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्याचं मॅन्युअल सगळ्यांसाठी काढलं. म्हणजे तज्ज्ञ नाहीत तरी करता येतं, तज्ज्ञ वरून देखरेख करायला आणि गंभीर पेशंट बघायला लागतात. अमेरिकेत २०१९ मध्ये खास याच आजारासाठी शिरेतून द्यायचं औषध मंजूर झालं आणि २०२३ मध्ये १४ दिवस घ्यायची गोळी आली, चांगलंच आहे, पण आम्ही नवीन औषधांची वाट बघत थांबलेलो नाही, आहे तेच जरी प्रत्येक बाईपर्यंत पोचलं तरी खूप जणी वाचतील.

अजून दोन गोष्टी, ज्या यादीत नेहमी मागे पडतात. एक म्हणजे ज्यांचं बाळ पोटात गेलं किंवा जन्मून गेलं त्या आया. तुम्ही उद्या बाळाच्या लसीच्या वेळी आईला विचारायला सुरुवात केलीत तरी या बायका त्यात सापडणार नाहीत, कारण त्या लसीला येणारच नाहीत. त्यांना कोणीतरी स्वतःहून फोन करायला हवा. ज्यांचं बाळ आयसीयूत आहे त्या तर तुमच्या काचेबाहेरच तासन्‌तास उभ्या असतात, त्यांना तिथेच विचारा. दुसरं म्हणजे वडील. अभ्यास सांगतात की बाळ झाल्यावर साधारण १० पैकी एका बापालाही डिप्रेशन होतं, आणि आई आजारी असेल तर जास्त. त्यांना कोण विचारतं?

आणि हे सगळं डिलिव्हरीनंतरच सुरू होतं असंही धरू नका. २०१३ साली अमेरिकेत १०,००० बायकांना डिलिव्हरीनंतर एडिंबरा स्केल देऊन बघितला, त्यात ज्यांची बेरीज जास्त आली त्यांच्याशी पुढे नीट बोलल्यावर कळलं की एक तृतीयांश जणींचा त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता आणि एक चतुर्थांशाहून जास्त जणींचा त्याच्याही आधी. म्हणजे नऊ महिने त्या तपासणीला येत होत्या, सोनोग्राफी होत होती, आणि कोणालाही कळलं नव्हतं.

आमच्या मागण्या आता सरळ लिहिते. गरोदरपणात निदान एकदा, डिलिव्हरीनंतर तीन आठवड्यांच्या आत फोनवर किंवा समोर एकदा, सहा आठवड्यांच्या तपासणीला आणि त्यानंतर वर्षभर बाळाच्या लसीच्या भेटींमध्ये आईला हे प्रश्न विचारले जावेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बाळाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या भेटीत आईची अशी चौकशी करायला सांगते, त्यामुळे हे बालरोग विभागाचं काम नाही असं कृपा करून म्हणू नका. फॉर्म बाईच्या भाषेत असावा, तिला वाचता येत नसेल तर सिस्टरांनी एकांतात वाचून दाखवावा. दहाव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर त्या बाईशी त्याच दिवशी, ती घरी जायच्या आत, बोललं जावं, आणि हे कोण करणार त्या माणसाचं नाव ड्युटी चार्टवर लिहिलेलं असावं, कोणीतरी करेल असं नको.

नुसता फॉर्म भरून घेऊन फाईलला लावणार असाल तर मात्र करू नका. विचारून वाऱ्यावर सोडणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, बाई एकदा हिंमत करून खरं लिहिते आणि पुढे काहीच होत नाही, मग ती परत कधीच कोणाला सांगत नाही. म्हणून विचारण्याच्या आधी पुढची वाट तयार ठेवा, प्रशिक्षित सिस्टर किंवा समुपदेशक, त्यांच्यावर मानसोपचारतज्ज्ञ, मग ते आठवड्यातून एकदा येऊ देत किंवा व्हिडिओ कॉलवर असू देत, पण ठरलेला दिवस आणि ठरलेला माणूस. बाळंतिणीला मानसोपचाराच्या लांबलचक रांगेत बाळ घेऊन उभं करू नका, तिला तुमच्याच विभागात बघा, तिथे बसून पाजता येईल अशी जागा द्या. आईला दाखल करायची वेळ आली तर शक्य आणि सुरक्षित असेल तिथे बाळ तिच्याजवळ राहील अशी सोय करा.

डिस्चार्जच्या वेळी टाक्यांची काळजी आणि बाळाची अंघोळ सांगता तसंच दोन आठवड्यांनंतरही उदासी गेली नाही तर दाखवायचं, लक्षणं कोणती, सायकोसिस म्हणजे काय आणि रात्री अपरात्री कुठे फोन करायचा हे बाईला आणि तिच्या घरच्यांना बसवून सांगा, छापील कागद हातात द्या. आणि दर वर्षी जाहीर करा की किती बायकांना विचारलं, किती जणींना त्रास निघाला, किती जणी खरंच उपचारांपर्यंत पोचल्या. तिसरा आकडा आम्हाला सगळ्यात आधी बघायचाय.

हे पत्र वाचणाऱ्या एखाद्या आईला यातलं स्वतःचं काही दिसलं असेल तर तिला माझं सांगणं आहे, आजच कोणा एकाला सांग, शब्द सापडत नसतील तर हे पत्र त्याच्या हातात दे. मरणाचे किंवा बाळाला काही करण्याचे विचार येत असतील तर एकटी राहू नकोस, जवळच्याला उठव आणि लगेच हॉस्पिटल गाठ. यावर उपचार आहेत आणि बायका यातून बऱ्या होतात, मी झालेय.

आणि तुम्हाला, डॉक्टर, मॅडम, सर, विनंती अशी की आमचा अर्ज आम्ही याच पत्रासोबत परत दाखल करतोय, तो यावेळी प्रसूती आणि बालरोग दोन्ही विभागांच्या बैठकीत एकत्र ठेवा. त्या बैठकीत अलीकडे बाळंत झालेल्या निदान दोघी जणींना बोलवा, आम्ही यायला तयार आहोत, बाळं घेऊन येऊ. यातलं लगेच काय होऊ शकतं, काय होऊ शकत नाही आणि का, हे लेखी कळवा. सगळं एका दिवसात होणार नाही हे आम्हालाही कळतं, सुरुवात एका वॉर्डापासून आणि दोन प्रश्नांपासून केलीत तरी चालेल, तारीख मात्र सांगा.

आपली,
तुमच्याच वॉर्डात बाळंत झालेली एक आई